आईच्या बायोप्सीबद्दल, दोघांनाही

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, मामीचा रिपोर्ट आणि आईचा रिपोर्ट शेजारी ठेवून तुम्ही जो हिशेब मांडलाय, तो चुकीचा आहे. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून लिहिते. दोघींचाही गर्भाशयमुखाचा कॅन्सर. मामीचा स्क्वेमस, म्हणजे सपाट पेशींचा होता, ती वाचली. आईचा अ‍ॅडिनोकार्सिनोमा (ग्रंथींच्या पेशींचा), म्हणजे वाईट, असं तुम्ही धरून चाललात. पण मामीचा आजार 3बी टप्प्यावर, म्हणजे बराच पसरल्यावर कळला. तेव्हा तिच्या एका मूत्रपिंडाला सूज आली होती, आठवतंय ना? आईची गाठ दोन सेंटिमीटरच्या आत आहे, 1बी1, म्हणजे सुरुवातीचा टप्पा.

टाटा मेमोरियलने 3बीच्या 850 बायकांवर केलेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्या स्क्वेमसच्या. नुसता शेक (रेडिएशन) घेतलेल्यांपैकी 46 टक्के आणि शेकासोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध घेतलेल्यांपैकी 54 टक्के पाच वर्षांनी हयात होत्या. तुमच्या त्या ‘चांगल्या’ प्रकारातही जेमतेम निम्म्या! उलट आजार गर्भाशयमुखापुरताच असेल तर, अमेरिकेतल्या नोंदींनुसार, सगळे प्रकार मिळून पाच वर्षं जगण्याचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे.

प्रकाराने काहीच फरक पडत नाही, असं मात्र नाही. गाठ मोठी असेल किंवा लसिका ग्रंथींत आजार पोचला असेल, तर अ‍ॅडिनोचे निकाल बऱ्याच अभ्यासांत स्क्वेमसपेक्षा कमी पडलेले दिसतात. तो अंडाशयातही जास्त वेळा जातो. डॉक्टरांनी अंडाशयांचा विषय काढला तो त्यामुळेच असणार. शिवाय अ‍ॅडिनोतही पोटप्रकार आहेत. एचपीव्ही विषाणूमुळे होणारा त्यातल्या त्यात बरा. एचपीव्हीशी संबंध नसलेला, विशेषतः गॅस्ट्रिक म्हणतात तो, चिवट. आईच्या रिपोर्टमध्ये पी16 पॉझिटिव्ह आहे, ती एचपीव्हीची खूण, म्हणजे बहुधा पहिला. खरं घाबरावं ते स्मॉल सेल नावाच्या प्रकाराला. तो फार क्वचित होतो, पण रक्तातून लवकर पसरतो. आईला तो नाही. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर येणारं सगळं आईला मोठ्याने वाचून दाखवणं बंद करा, प्लीज.

आई, पॅप टेस्ट (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) नॉर्मल आली होती तरी हे कसं झालं, म्हणून तू स्वतःला दोष देतेस. अ‍ॅडिनो बहुतेकदा गर्भाशयमुखाच्या आतल्या नळीतल्या ग्रंथींत सुरू होतो, त्यामुळे तो पॅपमधून निसटू शकतो. एचपीव्हीची तपासणी त्याला जास्त चांगली पकडते. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या मदतीने उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला होता. ज्या गावांत ही एचपीव्हीची तपासणी एकदाच केली, तिथे या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. 2009 ची गोष्ट, आणि आपल्या घरात ती कुणालाच माहीत नव्हती. मी माझी करून घेतली, निगेटिव्ह आहे. वहिनीला तू सांग. माझं ती हसण्यावारी नेते.

ऑपरेशनच्या आधी दुसरं मत घेऊ. बाबा, हॉस्पिटलमधून बायोप्सीच्या स्लाइड्स आणि ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) दोन्ही मागून घ्या, नुसता कागद चालणार नाही. एमआरआयची सीडीही लागेल. ऑपरेशननंतर काढलेल्या लसिका ग्रंथींचा रिपोर्ट येईल, तो या सगळ्यापेक्षा महत्त्वाचा. शेक लागणार की नाही हे बरंचसं त्यावर ठरेल.

मी शनिवारी रात्रीच्या गाडीने निघते. स्टेशनवर यायची गरज नाही, रिक्षा करीन.

तुमची,
मनू