कातडीवर उलटलेल्या कर्करोगाची जखम कुणाच्या खात्यात?

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

माझ्या नणंदेचा स्तनाचा कर्करोग उलटला तो छातीच्या कातडीवर. ऑपरेशनच्या व्रणाभोवती हरभऱ्याएवढ्या लालसर गाठी आल्या, मग फुटून वाहू लागल्या. केमो बदलली. जखमेचं काय, असं विचारल्यावर इथल्या एका रुग्णालयात उत्तर मिळालं, "घरी ड्रेसिंग करत राहा." कसं करायचं ते कुणी दाखवलं नाही. नागपूरचा मे महिना, घामाने चिकटलेला गॉझ, ओढला की रक्त. वासापायी ताई जेवायलाही वेगळ्या बसू लागल्या.

आजार शरीरात पसरलेला असला तरी त्या जागेपुरते इलाज असतात. एखाद-दुसरी गाठ कापून काढता येते. किरणांचा शेक (रेडिएशन) देता येतो. तिथे आधी शेक झाला असेल तर मात्रा जपून ठरवावी लागते, पण रक्त थांबवायला थोडके शेकही कामी येतात. इलेक्ट्रोकेमोथेरपीत ब्लिओमायसिन देऊन गाठीला विजेचे क्षणभराचे झटके देतात. पेशींची आवरणं तेवढ्यापुरती सैल होतात आणि औषध आत शिरतं. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१३ मध्येच याबाबत मार्गदर्शन काढलंय. ब्लिओमायसिन तर जुनंच औषध. अडतं ते यंत्रापाशी आणि शिकलेल्या हातांपाशी. यातून मूळ रोग जात नाही, हे आम्हालाही कळतं. जखम आटोक्यात आली तरी बाईला चारचौघांत बसता येतं.

यंत्राआधी एक साधी मागणी. सरकारी मेडिकल कॉलेजांत अशा जखमांसाठी भरती न होता ड्रेसिंगची सोय करा. सलाईनने भिजवून पट्टी कशी सोडवायची, हे नर्सने घरच्या माणसाला करून दाखवावं. न चिकटणारी जाळी, वासासाठी मेट्रोनिडाझोल, झिरपत्या रक्तासाठी ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडमध्ये भिजवलेला गॉझ, एवढं तिथेच मिळावं. फुले योजनेची पॅकेजेस मुख्यतः भरती रुग्णाभोवती बांधलेली; रोजची पट्टी घरच्याच खिशातून जाते.

इलेक्ट्रोकेमोथेरपी नागपुरातल्या एका तरी सरकारी संस्थेत सुरू व्हावी. गडचिरोली-चंद्रपूरच काय, बालाघाटचे पेशंटही इथेच येतात. त्यांना "मुंबईला जा" म्हणणं सोपं आहे. वाहती जखम घेऊन विदर्भ एक्स्प्रेसमध्ये एक रात्र काढून बघा, साहेब.

हा विषय कोणत्या अधिकाऱ्याकडे सोपवला, तेवढं लेखी कळवावं.

आपली,
एक नागपूरकर