शेंदूर फासून स्टार होत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या सदरात एका वाचकांचं पत्र आलं होतं. डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कंपनीची कुस्ती म्हणजे नुरा कुस्ती, निकाल आधीच ठरलेला, तेव्हा तिथले स्टार म्हणजे कंपनीने शेंदूर फासलेले दगड, असा त्यांचा सूर होता. निकाल ठरलेला असतो हे खरंच आहे, कंपनीही ते लपवत नाही. पण त्यातून त्यांनी जे अनुमान काढलं ते मला अजिबात पटलं नाही. जवळजवळ तीस वर्षं मी हे सामने जीव लावून बघतोय, म्हणून राहवलं नाही.

आमच्या पिढीची सुरुवात या कुस्तीगीरांच्या ट्रम्प कार्डांपासून झाली. मे महिन्याच्या सुट्टीत जिन्यात बसून डाव मांडायचा: रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स. पहिल्या रँकचं कार्ड ज्याच्याकडे, त्याची दुपारभर चैन. ती रँक कुणी ठरवली, असा प्रश्न कुणालाच पडायचा नाही. पुढे केबलवर सामने दिसायला लागले तेव्हा लक्षात आलं, कार्डावरच्या आकड्यांचा आणि लोक कुणासाठी घसा फोडून ओरडतात याचा अर्थाअर्थी संबंध नाही.

स्टीव्ह ऑस्टिनचंच बघा. 1995 मध्ये दुखापतीमुळे तो घरी होता, तेव्हा डब्ल्यूसीडब्ल्यू या कंपनीने त्याला फोनवरून काढून टाकलं. डब्ल्यूडब्ल्यूएफने (डब्ल्यूडब्ल्यूईचं तेव्हाचं नाव) घेतलं तेही 'रिंगमास्टर' असं पुळचट नाव देऊन, आणि बोलायला शेजारी टेड डीबियासीला उभं करून. म्हणजे ऑस्टिनने स्वतः तोंड उघडायचंच नाही! जून 1996 मधली 'किंग ऑफ द रिंग' स्पर्धा खरं तर ट्रिपल एच हा कुस्तीगीर जिंकायचा होता. पण त्याआधी महिनाभर, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, कंपनी सोडून चाललेल्या मित्रांना त्याने भर रिंगमध्ये मिठ्या मारल्या, आणि पडद्यावरचं वैर सगळ्यांदेखत उघडं पडलं. शिक्षा म्हणून त्याची संधी गेली, ती ऑस्टिनकडे आली. याला नशीब म्हणा, नाहीतर कंपनीची गरज. त्याच रात्री पहिल्या सामन्यात ऑस्टिनचा ओठ फाटला. इस्पितळात टाके घालून घेऊन तो परत आला, अंतिम सामना जिंकला आणि बायबलचे दाखले देणाऱ्या जेक रॉबर्ट्सला, बायबलमधल्या 'जॉन 3:16' या वचनाच्या चालीवर, 'ऑस्टिन 3:16' असं ऐकवून मोकळा झाला. पुढे प्रेक्षक घरून फलक रंगवून आणायला लागले. कंपनीने टी-शर्ट छापले ते त्यानंतर.

मार्च 1997 मध्ये रेसलमेनिया 13 ला (रेसलमेनिया म्हणजे कंपनीचा वर्षातला सर्वांत मोठा कार्यक्रम) ब्रेट हार्टने त्याला शार्पशूटर या पाय पिळायच्या डावात पकडलं. कपाळातून रक्ताची धार, दातांवरून ओघळणारं रक्त, आणि हा पठ्ठ्या हार मानायला तयार नाही. शेवटी शुद्ध हरपली म्हणून पंचांनी सामना थांबवला. आत जाताना खलनायक होता, हरून लंगडत बाहेर पडला तेव्हा सगळं स्टेडियम त्याच्या नावाने दुमदुमत होतं. आखणी कंपनीचीच होती, मान्य आहे. पण तसा चेहरा करून दाखवा म्हटलं तर किती जणांना जमेल?

आता उलट बाजू. शेंदूर फासून जर कुणी मोठं झालं असतं तर जिंदर महल आज सर्वांत मोठा स्टार असता. 2017 च्या मे महिन्यात, भारताच्या बाजारपेठेवर डोळा ठेवून, त्याला रँडी ऑर्टनकडून थेट मुख्य पट्टा, म्हणजे विजेतेपद, जिंकवून दिलं. तोवर तो बहुतेक सामने हरतच आला होता. त्याने अंग कमावलं होतं, कष्ट केले होते, माझी त्याच्याबद्दल काही तक्रार नाही. पण लोकांशी त्याची गाठच पडू दिली नव्हती. नोव्हेंबरमध्ये पट्टा एजे स्टाइल्सकडे गेला. डिसेंबरमध्ये दिल्लीत ठरलेल्या दोन कार्यक्रमांचा एकच झाला, आणि त्यातही जिंदर ट्रिपल एचकडून हरला. रोमन रेन्सचंही तेच. 2015 च्या रॉयल रंबल या अनेकांच्या एकत्र सामन्यात त्याला जिंकवलं, प्रत्यक्ष 'द रॉक' हा जुना स्टार त्याचा हात उंचावायला आला, तरी फिलाडेल्फियातल्या प्रेक्षकांनी दोघांचीही हुर्यो उडवली. लागोपाठ चार रेसलमेनियांचा शेवटचा सामना त्याला देऊनही लोक बधले नाहीत. 2020 मध्ये तो खलनायक झाला, संथ, दबक्या आवाजात बोलायला लागला, तेव्हा कुठे तो लोकांना भावला.

मग कंपनीच्या हातात काहीच नाही का? आहे, आणि तेच मला सलतं. कोफी किंग्स्टन 2008 पासून तिथे राबत होता. 2019 च्या फेब्रुवारीत मुस्तफा अली जखमी झाला म्हणून ऐनवेळी त्याच्या जागी कोफीला सामन्यात घेतलं, आणि लोकांनी असं काही उचलून धरलं की एप्रिलमध्ये रेसलमेनियाला त्याला मुख्य पट्ट्यासाठी संधी देणं भाग पडलं. आपल्याकडे सोमवारची सकाळ होती. ऑफिसचा डबा तसाच ओट्यावर ठेवून मी टीव्हीसमोर उभा होतो. त्याने डॅनियल ब्रायनला हरवलं, दोन चिमुकली मुलं रिंगमध्ये धावत आली, आणि अकरा वर्षांनी पट्टा हातात घेतलेला तो माणूस रडत होता. मीही रडलो, सांगायला संकोच कसला.

त्यानंतर बरोबर 180 दिवसांनी, 4 ऑक्टोबरला, स्मॅकडाउन हा कंपनीचा साप्ताहिक कार्यक्रम फॉक्स वाहिनीवर सुरू झाला. पाच वर्षांचा, एक अब्ज डॉलरहून मोठा करार होता तो. पहिल्याच रात्री मोठं नाव हवं म्हणून ब्रॉक लेसनरला आणलं. घंटा वाजली, कोफी धावला, लेसनरने खांद्यावर उचलून आपटला, संपलं. दहा सेकंदही नाहीत. हरवायला हरकत नव्हती, पट्टे येतात जातात. पण पंधरा मिनिटं तरी लढू द्यायचं होतं. ज्या लोकांनी त्याला तिथवर नेलं त्यांनाही त्या रात्री वेड्यात काढलं, असं मला आजही वाटतं.

पुश (म्हणजे कुणाला पुढे आणायचं ते), पट्टा, माइक, सामन्याची मिनिटं, हे सगळं कंपनी वाटते. पण हे कुस्तीगीर कागदोपत्री तिचे नोकरही नाहीत. ते स्वतंत्र कंत्राटदार धरले जातात, त्यांची युनियन नाही. मोडतं ते त्यांचं शरीर. ऑगस्ट 1997 मध्ये समरस्लॅम या कार्यक्रमातल्या सामन्यात ओवेन हार्टच्या पाइलड्रायव्हरमध्ये (उलटं धरून डोक्यावर आपटायचा डाव) ऑस्टिन डोक्यावर आदळला. काही क्षण हातपायच हलेनात. ओवेन वेळ काढत प्रेक्षकांशी हुज्जत घालत राहिला, आणि ऑस्टिन कोपरांवर सरपटत आला, त्याला मागून कसाबसा गुंडाळला, पंचांनी तीन मोजले. ठरल्याप्रमाणे पट्टा त्याला मिळाला. दोन माणसांच्या आधाराने तो उभा राहिला आणि त्या मानेनिशी पुढे 2003 पर्यंत लढला. आपल्या पत्रलेखकांनी तेवढी दोन मिनिटं एकदा बघावीत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा