शनिवारची पोटदुखी आणि शिष्यवृत्तीची यादी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

शिष्यवृत्ती परीक्षेची गुणवत्ता यादी जाहीर झाली की आमच्या तालुक्याच्या गावात एसटी स्टँडपासून पंचायत समितीच्या फाटकापर्यंत अभिनंदनाचे फलक लागतात. मध्यभागी दहा-अकरा वर्षांच्या मुलामुलींचे फोटो, त्यांच्याखाली तीनशेपैकी मिळालेले गुण, आणि भोवती शाळेचे, मार्गदर्शक शिक्षकांचे व शुभेच्छुकांचे नाव. जिल्हा परिषदेच्या शाळांत मी ३१ वर्षे शिकवले, त्यांपैकी १९ वर्षे शिष्यवृत्तीचे जादा तास घेतले आणि अशा फलकांसाठी मुलांचे फोटो मीही उत्साहाने गोळा करून दिले आहेत. त्या मुलांच्या मनाविषयी जे मला फार उशिरा कळले, ते आज सेवेत असलेल्या शिक्षकांना आणि पालकांना वेळेत कळावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पूर्वी चौथी-सातवीला आणि नंतर पाचवी-आठवीला होत आलेल्या या परीक्षेत दोन पेपर असतात. प्रत्येकी ७५ प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नाला २ गुण. भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी असे विषय. आमच्या शाळेत दर शनिवारी सकाळी सराव चाचणी होत असे. पाचवीच्या एका वर्गात एक मुलगी होती, जिला एकदा ३०० पैकी २८८ गुण मिळाले. तालुक्यात तेवढे कोणालाच नव्हते. मी तिला वर्गापुढे उभे केले, मुलांना टाळ्या वाजवायला लावल्या आणि कौतुकाच्या भरात म्हणाले, "आता हे सहा प्रश्न राहिले." पुढच्या शनिवारी तिची उत्तरपत्रिका हातात घेतली तेव्हा चौथ्या ओळीतला एक गोल खोडरबराने खोडून खोडून आरपार फाटला होता. आधीचे उत्तर बरोबर होते, ते तिने तीन वेळा बदलले होते. त्यानंतरच्या महिन्यात तिच्या पोटात दुखू लागले. शुक्रवारी रात्री सुरू होई आणि शनिवारी दुपारी थांबे. आईने तिला दवाखान्यात नेले, ओवा दिला, जंताचे औषध दिले. वार कोणता, हे आम्हा दोघींपैकी एकीच्याही लक्षात आले नाही. ती गुणवत्ता यादीत आली, फलक लागला आणि सातवीत असताना तिने गणिताच्या तासाला हात वर करणेच सोडून दिले.

ही गोष्ट एकट्या मुलीची असती तर मी ती वृत्तपत्राकडे पाठवली नसती. शाळेत जे मूल मागे पडते, रडते, मारामारी करते किंवा गैरहजर राहते, त्याच्याकडे कोणाचे ना कोणाचे लक्ष जाते. जे मूल सर्वांत आधी गणित सोडवून शांत बसते, त्याच्याबद्दल आपण एक वाक्य म्हणून मोकळे होतो: "हुशार आहे, त्याचे त्याला जमेल." अभ्यासाचे त्याला जमते यात शंका नाही. भीतीचे, एकटेपणाचे, हरण्याचे काय करायचे हे मात्र त्याला कोणी शिकवलेले नसते, कारण ते हरेल असे कोणी धरलेलेच नसते.

येथे एक गैरसमज होऊ नये म्हणून सांगते. बुद्धिमान मूल म्हणजे नाजूक किंवा आजारी मूल, असे मला मुळीच म्हणायचे नाही. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातील सुमारे दीड हजार अतिबुद्धिमान मुलांचा अभ्यास सुरू केला, तेव्हा अशी मुले अशक्त आणि विक्षिप्त असतात हा त्या काळचा समज खोटा ठरला. एकंदरीत ती निरोगी होती आणि त्यांचे इतरांशी जुळतही होते. मात्र त्याच काळात न्यू यॉर्कमध्ये लेटा हॉलिंगवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाई अगदी वरच्या टोकाच्या मुलांचा अभ्यास करत होत्या. त्यांना दिसले ते असे, की बुद्धी जितकी वयाच्या पुढे, तितके बरोबरीचे मित्र मिळणे अवघड. मूल बुद्धीने चौदा वर्षांचे, वयाने नऊ वर्षांचे आणि रडू येण्याच्या बाबतीतही नऊ वर्षांचेच असते. या तिन्ही वयांना घेऊन त्याला रोज एकाच बाकावर बसावे लागते.

याचा अर्थ मला एका डोंगरातल्या द्विशिक्षकी शाळेत कळला. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले, त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. माझ्या तिसरीतल्या एका मुलाने वर्तमानपत्रातली सगळी माहिती वाचून काढली होती. त्याने विचारले, "बाई, आपला डोंगर कधी खाली येणार?" मी म्हणाले, "तुला काय करायच्यात त्या चौकशा, पाढे म्हण." दोन दिवसांनी त्याची आई शाळेत आली. पोरगा रात्री झोपत नव्हता, पाऊस वाढला की उठून उंबऱ्यात बसत होता. मग मी त्याचे दप्तर पाहिले. एका वहीत रोजची तारीख आणि त्यापुढे सेंटीमीटरमधले आकडे होते. शाळेमागच्या बांधाला पडलेल्या भेगेच्या दोन्ही बाजूंना त्याने काटक्या रोवल्या होत्या आणि रोज सकाळी प्रार्थनेआधी तो पट्टीने त्यांच्यातले अंतर मोजत होता. नऊ दिवसांत ते अंतर वाढले नव्हते, तरीही तो मोजत होता. गावातली सगळी माणसे गाढ झोपलेली असताना आपल्या एकट्यालाच धोका दिसतो आहे, असे त्या जिवाला वाटत होते.

त्या वेळी मात्र मला सुबुद्धी झाली. मी त्याच्याबरोबर बांधावर गेले, त्याच्या पट्टीने मोजले, वहीत माझ्या अक्षरात आकडा लिहिला. तलाठी भाऊसाहेबांना निरोप दिला. ते आले, भेग पाहिली, आणि त्या मुलाशी मोठ्या माणसाशी बोलावे तसे बोलले. ही भेग कशाने पडली, खरा धोका असेल तर जमिनीत काय काय दिसू लागते, झऱ्याचे पाणी कसे गढूळ होते, आणि तसे झाले तर सगळ्यांनी कोणत्या वाटेने बाहेर पडायचे, हे त्यांनी त्याला दाखवले. पावसाळा संपेपर्यंत त्याची वही चालू राहिली, पण तो झोपू लागला. मी "घाबरू नकोस" म्हणाले असते तर त्याचा उपयोग झाला नसता, कारण त्याची भीती विचारातून आली होती आणि तिला तितक्याच गंभीर विचाराने उत्तर देणे भाग होते. कुशाग्र मुलाला दिलासा देणे म्हणजे त्याच्या प्रश्नाला खरे उत्तर देणे, हे मला त्या भेगेने शिकवले.

मैत्रीचा प्रश्न याहून अवघड आहे. "स्कॉलर", "पुस्तकी किडा", "लई शहाणी" ही विशेषणे वर्गात कानावर पडतच असतात. मुलगे ती चेष्टेवारी नेतात किंवा चिडतात. मुली मात्र सातवी-आठवीच्या सुमारास हळूहळू स्वतःला झाकून घेऊ लागतात, असे मी वारंवार पाहिले. उत्तर येत असते, ओठ हलतात, हात वर होत नाही. त्यात आपण शिक्षक भर घालतो. हुशार मुलीला मॉनिटर करायचे, बोलणाऱ्या मुलांची नावे फळ्यावर तिलाच लिहायला लावायची, मागे पडलेल्यांच्या वह्या तिलाच तपासायला द्यायच्या. हे सगळे आपण तिचा मान म्हणून करतो आणि मधल्या सुट्टीत तिच्याबरोबर डबा खायला कोणी उरत नाही.

कौतुकाबद्दलही बोलले पाहिजे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. कोडी सोडवल्यावर काही मुलांना "तू हुशार आहेस" असे सांगितले गेले, काहींना "तू खूप मेहनत घेतलीस" असे. ज्यांच्या हुशारीचे कौतुक झाले त्यांनी पुढे सोपी कोडी पसंत केली. अवघड कोड्यात अपयश आल्यावर ती लवकर खचली आणि आपले गुण वाढवून सांगण्याचे प्रमाणही त्यांच्यातच अधिक निघाले. हे वाचले तेव्हा मला माझी २८८ गुणांची विद्यार्थिनी आठवली. तिला मी शंभरदा हुशार म्हटले होते. चूक झाल्यास ती हुशारी परत घेतली जाणार नाही, हे एकदाही सांगितले नव्हते.

शिक्षकांना दोष देऊन हा विषय मिटणार नाही. गावोगाव इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या पिवळ्या बस फिरू लागल्यापासून मराठी शाळेची पटसंख्या टिकवायची तर दाखवायला काहीतरी लागते, आणि शिष्यवृत्तीधारक किती, नवोदयला किती लागले, हे आकडे दाखवायला सर्वांत सोपे असतात. केंद्रप्रमुख विचारतात, गटशिक्षणाधिकारी विचारतात, सरपंच विचारतात. शाळेची इभ्रत अशा रीतीने चार-पाच मुलांच्या खांद्यावर येते आणि त्या मुलांना ती पुरेपूर कळते. जवाहर नवोदय विद्यालयात निवड झालेले मूल तर सहावीतच घर सोडून वसतिगृहात जाते. एका शाळेत जास्तीत जास्त ८० जागा असतात आणि किमान ७५ टक्के ग्रामीण भागासाठी राखीव असतात, त्यामुळे ही संधी खेड्यातल्या मुलासाठी अनमोल आहे. मी स्वतः मुलांना त्या परीक्षेला बसवले आहे. पण ज्या मुलाने आयुष्यात कधी दुसरा नंबर पाहिला नाही, ते तिथे एकदम ऐंशी पहिल्या नंबरांत जाऊन बसते. पेटी भरताना त्याला ही गोष्ट कोणीतरी समजावून सांगायला हवी असते, आणि आपण त्याला फक्त "नाव काढ" एवढेच सांगतो.

उपाय नाहीत असे नाही. पुण्यात डॉ. अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली आणि १९६९ मध्ये बुद्धिमान मुलांसाठी प्रशाला काढली, तेव्हापासून तिथे बुद्धीबरोबर दलावरचे (म्हणजे गटाने खेळायचे मैदानी) खेळ, सहली, गटात काम करणे आणि समाजाशी नाते जोडणे यांनाही तेवढेच स्थान दिले गेले. मात्र पुणे, निगडी, सोलापूर सोडून उरलेल्या महाराष्ट्रातल्या मुलाने काय करावे? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष प्रतिभेच्या विद्यार्थ्यांसाठी शाळा, शाळासंकुल आणि जिल्हा पातळीवर विषयवार मंडळे असावीत, तसेच बी.एड.मध्ये अशा मुलांच्या शिक्षणाचा विशेष अभ्यास ठेवता यावा, असे म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असला पाहिजे, त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घेतले पाहिजे, आणि गुणांवरून मुलांच्या वेगळ्या बॅच पाडणे व चारचौघांत त्यांचा पाणउतारा करणे टाळले पाहिजे.

आमच्या डोंगरी केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या, बहुतेक शाळांचा पट शंभराच्या कितीतरी खाली आहे. म्हणून माझी शिक्षण विभागाला विनंती आहे की समुपदेशक शाळेनुसार न मोजता केंद्रशाळेला, म्हणजे त्या गटातल्या मुख्य शाळेला, जोडावा. त्याने महिन्यातून दोन दिवस यावे आणि अडलेल्या मुलांइतकेच पुढे गेलेल्या मुलांशीही बोलावे. जे मूल तोंडी उत्तरे झरझर देते पण लिहिताना अक्षरे उलटीपालटी करते, त्याची अध्ययन अक्षमतेच्या दृष्टीने तपासणी व्हावी. अशी मुले हुशारीमुळे कशीबशी उत्तीर्ण होत राहतात, म्हणून कोणाच्या नजरेस येत नाहीत आणि "आळशी" हा शिक्का घेऊन दहावीपर्यंत पोहोचतात. पालकांनाही एक सांगावेसे वाटते. ठरावीक वारी दुखणारे पोट, अचानक बंद झालेले प्रश्न, एका गुणासाठी रात्रभर चाललेली तगमग दिसली तर शाळेशी बोला. शासनाची टेलिमानस ही फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते.

आणखी एक मागणी आहे, तिला पैसाही फारसा लागत नाही. केंद्रातल्या आठ-दहा शाळांमधली अशी चौकस मुले महिन्यातून एका शनिवारी केंद्रशाळेत एकत्र यावीत. चाचणी नाही, नंबर नाही, फोटो नाही. कोणी आकाशातले तारे ओळखावेत, कोणी सायकलची चेन उघडून बसवावी, कोणी नुसते वाद घालावेत. एका वाडीत एकटे पडलेल्या मुलाला पलीकडच्या वाडीत आपल्यासारखेच दुसरे कोणी आहे हे कळावे आणि आपल्याला न सुटलेले कोडे दुसऱ्याला सुटते हे त्याने हसत पाहावे. सातारा जिल्ह्यातील ज्या केंद्राला असे मंडळ सुरू करायचे असेल, तिथे एसटीने येऊन महिन्याचा एक शनिवार द्यायला मी तयार आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, जि. सातारा