बाबा, तो हप्ता आता भरू नका

प्रिय आई-बाबा,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

फोनवर हे बोलता येत नाही म्हणून लिहायला बसले. फोनवर बाबा "बरा हा, तू जेवलंस?" एवढं बोलून फोन आईकडे देतात आणि आई मागच्या पडवीत जाऊन हळू आवाजात खरं काय ते सांगते. परवा तिने सांगितलं की यंदा गुड फ्रायडेच्या दुपारच्या उपासनेत बोलणार नाही असं बाबांनी पाळकसाहेबांना कळवून टाकलं. मला आधी वाटलं बायपासनंतर एवढा वेळ बसणं झेपत नसेल, बारा ते तीन म्हणजे काय कमी नाही, त्यात एप्रिलचा उकाडा. पण आई म्हणाली तब्येतीचं कारण नाहीच. रात्री दोन वाजता उठून पडवीत बसले होते आणि तिला म्हणाले, "खंयच्या तोंडान जाव मी देवाफुडे?"

ते ऐकल्यापासून माझं कशात लक्ष नाही.

बाबा, गेली बारा वर्षं वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी सहावा तुमच्याकडे असतो, "पूर्ण झाले आहे." मंडळीतल्या पोरांनासुद्धा माहितीये की सहावा आला म्हणजे तुम्ही उठणार, चष्मा पुसणार आणि योहान १९:३० वाचणार. आणि तोच माणूस घरी येऊन अजून हप्ते भरतोय. काका गेल्यापासून मी बघतेय ना काय चाललंय ते. लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, एकवेळ जेवण, तेही डायबेटीस असताना आणि डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलेलं असताना. देवळाच्या कौलांसाठी पेन्शनमधले पैसे. दर रविवारी सगळ्यांच्या आधी जाऊन बाकं पुसायची. यात वाईट काहीच नाही, पण तुम्ही ते आनंदाने करत नाही आहात, तुम्ही फेडताय. ज्याला फेडायचं होतं तो माणूस गेला म्हणून आता देवाकडे फेडताय.

मला माहितीये तुम्हाला कुठलं वचन टोचतंय. मत्तय ५:२३ आणि २४. वेदीजवळ अर्पण आणलं आणि तिथे आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन भावाशी समेट कर. आंब्याच्या चौदा कलमांवरून २००९ पासून तुम्ही आणि काका बोलला नाहीत. मध्ये एक दगडांचा गडगा, पलीकडे काकीने बांगड्याचं तिखलं केलं की वास यायचा पण वाटी यायची बंद झाली. आणि गेल्या पावसाळ्यात काका अंथरुणाला खिळले तेव्हा तुम्ही दोनदा गडग्यापर्यंत गेलात आणि परत आलात, आईने बघितलं होतं. तुम्ही त्यांच्यापर्यंत पोचलात ते माती द्यायलाच.

आता कोणाशी समेट करू, हा तुमचा प्रश्न आहे, आणि मी त्यावर काहीतरी गोड बोलून तुम्हाला गप्प करणार नाही. चुकलं, बाबा. पण १ योहान १:९ बघा, आपल्या बायबलात तिथे "पापे पदरी घेतली तर" असं आहे. नुसती कबूल केली नाही, पदरी घेतली, म्हणजे ही माझीच आहेत म्हणून. वकिलाने काय सांगितलं, मोजणी कोणी आणली, सातबाऱ्यावर कोणाचं नाव आधी होतं हे सगळं बाजूला ठेवून. तेवढं तुम्ही रात्री दोन वाजता पडवीत बसून केलंयच. मग पुढचं अर्धं वाक्य का सोडून देता? तो विश्वसनीय व न्यायी आहे म्हणून आपल्या पापांची क्षमा करील. मला कितीतरी वर्षं वाटायचं की इथे दयाळू हवं होतं, न्यायी कसं काय, न्यायी असेल तो तर शिक्षा करेल. नंतर कळलं, की शिक्षा एकदा कोणीतरी भोगून झाली, किंमत भरून झाली, तर तीच परत आपल्याकडे मागणं हा अन्याय होईल आणि देव अन्याय करत नाही. म्हणून न्यायी. सहावा उद्गार तोच आहे ना, पूर्ण झाले आहे. आता तुम्ही अजून काय पूर्ण करणार?

पापातून सुटका म्हणजे तारण, त्या शब्दाचं पण सांगते. लहानपणी मला कळायचं नाही की देवळातला शब्द बाजारातल्या पतपेढीच्या बोर्डावर कसा, सोने तारण कर्ज. २००३ ला माझ्या नर्सिंगच्या ॲडमिशनसाठी आईच्या पाटल्या ठेवल्या तेव्हा समजलं. मी बरोबर होते. त्यांनी पाटल्या कसोटीवर घासून बघितल्या, वजन केलं, कापडी पिशवीत घालून वर लाखेचं सील मारलं, आणि आईने सही करायला हात पुढे केला तेव्हा मनगटावर पाटल्यांच्या जागी गोरी पट्टी होती. कितीतरी महिने ती पट्टी दिसायची, मग उन्हाने तीही गेली. पाटल्या तिजोरीत असल्या तरी आईच्याच होत्या, दुसऱ्या कोणाच्या झाल्या नव्हत्या, फक्त सोडवायला पैसे नव्हते आणि व्याज चढत होतं. माणसाची देवाशी हीच गत आहे असं मला वाटतं. आपण त्याचेच, त्यानेच घडवलेले, पण गहाण पडलेले, आणि आपलं सगळं चांगलं वागणं एकत्र केलं तरी ते व्याजाला पुरत नाही. प्रेषित पौल गलतीकरांना लिहितो की ख्रिस्ताने खंडणी भरून आपल्याला सोडवलं. सोडवलं, पाटल्या सोडवतात तोच शब्द.

आणि त्या पाटल्या कोणी सोडवल्या, बाबा? त्या वर्षी थंडी नीट पडली नाही, मोहोर तुडतुड्याने खाल्ला, तुमच्याकडे हप्त्याला पैसे नव्हते आणि काकांनी जाऊन सगळी रक्कम भरली आणि पिशवी आणून आईच्या हातात दिली. पुढच्या सीझनला तुम्ही पैसे घेऊन गेलात तर म्हणाले, "ऱ्हवांदे रे, चेडू शिकताहा ना, बस झाला." दोनदा गेलात, दोनदा परत पाठवलं. मग तुम्ही माडाखाली जाऊन बसलात ते मला अजून दिसतं, चहा गार झाला तरी उठला नाहीत. हेच आठवून तुम्हाला आता जास्त लागत असणार, की ज्याने सोडवलं त्याच्याशीच आपण असं वागलो. पण त्या दिवशी तुम्ही ते घेतलंत. कागद केला नाही, हप्ते पाडले नाहीत, भावाने दिलं ते घेतलंत. इफिसकरांच्या पत्रात तारणाला देवाचं दान म्हटलंय, आणि दान फेडायला गेलं की ते दान राहतच नाही.

तुम्ही नेहमी म्हणता आपण चार पिढ्यांचे ख्रिस्ती. मला त्याचा अभिमान आहे, पणजोबांनी काय सोसलं ते तुमच्याच तोंडून ऐकलंय. पण हे वारसाने सातबाऱ्यावर नाव चढतं तसं चढत नाही ना. योहानाच्या पहिल्याच अध्यायात आहे, जितक्यांनी त्याचा स्वीकार केला तितक्यांना देवाची मुलं होण्याचा अधिकार दिला. प्रत्येकाला आपापलं घ्यावं लागतं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ ला इंग्लंडमध्ये झाला, आणि त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय की ख्रिस्ती धर्म तर मिळाला होता पण खुद्द ख्रिस्त सापडायला आठेक वर्षं गेली. ज्या बाईने हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत अख्खं बायबल आणलं तिची ही गोष्ट, मग आपण कोण.

माझंही तसंच होतं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. मुंबईला आल्यावर कितीतरी वर्षं मी उपासनेला जायचे, वर्गणी द्यायचे, सगळं व्यवस्थित, पण देवाशी बोलणं असं काही नव्हतंच. २०२० ला कोविड वॉर्डात ड्युटी लागली, पीपीई किट एकदा चढवलं की तासन्‌तास पाणी नाही, फोन नाही, समोर माणसं जाताहेत आणि त्यांच्या जवळ घरचं कोणी नाही. एका रात्री एका आजोबांचा हात धरून उभी होते आणि मास्कच्या आत मी आपोआप बोलायला लागले, आपल्या मालवणीत, आई पहाटे चुलीपाशी बोलते तशी. आई, तुला माहीत नाही, मी लहानपणी गोधडीतून ऐकायचे. तू लाकडं पुढे सारता सारता म्हणायचीस, "बापा, आज मासळी बरी मिळांदे, ह्यांचो राग कमी कर, चेडवाक परीक्षा हा, लक्ष ठेव." मधेच चुलीत फुंकर मारायचीस आणि परत तिथूनच पुढे सुरू. मला वाटायचं आजोबा आलेत आणि तू त्यांच्याशी बोलतेस. पौल रोमकरांना लिहितो की आत्मा आपल्याला "अब्बा, बापा" अशी हाक मारायला लावतो, ती हाक मी पहिल्यांदा आपल्या स्वयंपाकघरात ऐकली. त्या रात्री वॉर्डात मला कळलं की तो खरंच ऐकतोय. वॉर्डातले ते आजोबा पहाटे गेले, चमत्कार काही झाला नाही, पण मी एकटी नव्हते, आणि तेव्हापासून आमचं बोलणं तुटलेलं नाही.

आणि गुडघे टेकता येत नाहीत म्हणून तू प्रार्थनेनंतर रडतेस ते आता बंद कर आई. येशूच्या शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला हात जोडायलाही मोकळे नव्हते. नुसतं "माझी आठवण करा" म्हणाला आणि त्याला सुखलोकाचं वचन मिळालं. तू खुर्चीत बस.

बाबा, तुमच्यासाठी मला पेत्राचं सांगायचंय, योहानाचा २१ वा अध्याय. ज्याने तीनदा येशूची ओळख नाकारली तो त्याचा शिष्य पेत्र परत होडी घेऊन गेला, रात्रभर जाळ्यात काही नाही, आणि पहाटे किनाऱ्यावर येशूने निखारे करून त्यावर मासळी भाजत ठेवलेली, बाजूला भाकर. मला ते नेहमी आपल्या उभादांड्याच्या वाळूतच दिसतं, होड्या ओढून लावतात तिथे. त्याने सांगितलं तिथे जाळं टाकून त्यांनी १५३ मासे ओढून आणले, आणि येशू आधी सगळ्यांना म्हणाला या, न्याहारी करा. मग पेत्राला विचारलं काय? असं का केलंस, नाही विचारलं. कसं फेडणार, तेही नाही. माझ्यावर प्रीती करतोस का, एवढंच, तीनदा. पेत्राला तिसऱ्यांदा वाईट वाटलं असं लिहिलंय, म्हणजे दुखतं ते. पण ते दुखणं जवळ बसवून घेण्याचं होतं, हाकलून द्यायचं नाही. तुम्ही पडवीत बसता तेव्हा त्याच्यापासून तोंड लपवून बसू नका, त्याच्याशीच बोला. काकांबद्दल बोला. पाळकसाहेबांसारखी भाषा नको, घरी बोलता तसं बोला. डोळ्यांमुळे वाचायला त्रास होतो म्हणून तुमच्या फोनमध्ये मी मार्काचं शुभवर्तमान ऐकायला टाकून देणार आहे, १६ अध्याय आहेत, रोज एक ऐकलात तर सोळा दिवस, बागेत फिरताना ऐका.

तुम्ही म्हणाल, मग सगळं फुकटच असेल तर चांगलं वागायचं कशाला, याकोबाने तर लिहिलंय की क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे. बाबा, तुम्ही आयुष्यभर कोय कलमं बांधलीत. रायवळाचं कोवळं रोप कापून त्यात हापूसची काडी बसवता आणि पट्टी घट्ट गुंडाळता, त्यात त्या रोपाने काय केलेलं असतं? काही नाही. आंबे येतात ते काडी धरली म्हणून, काडी धरावी म्हणून आधी आंबे द्यावे लागत नाहीत. आणि तुम्हीच मला शिकवलंत की जोडाच्या खालून रायवळाचे फुटवे येत राहतात, ते दिसले की खुडायचे, नाहीतर हापूस मागे पडतो. तसे आपलेही फुटवे खुडत राहावे लागतात, पण फुटवा आला म्हणून कोणी कलम उपटून टाकत नाही.

आता काकीचं. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाने चौपट परत करतो म्हटलं ते येशू त्याच्या घरी आल्यावर, आधी नाही. झाडावरून खाली उतर, आज मला तुझ्याकडे राहायचंय, हे पहिलं. म्हणून काकीकडे जा असं मी म्हणते, पण फेडायला म्हणून जाऊ नका. कलमांचं काय करायचं ते तुम्ही आणि आई ठरवा, मी त्यात बोलणार नाही. नुसतं जाऊन बसलात तरी खूप आहे. काकी एकटी आहे, तिला यंदा आंबा उतरवायला गडी मिळेना असं आई म्हणत होती.

मी गुरुवारी रात्रीच्या गाडीने निघतेय, शुक्रवारी सकाळी कुडाळला उतरेन. रिक्षाने येईन, स्टेशनवर यायची धावपळ करू नका. सहावा उद्गार पाळकसाहेबांनी अजून दुसऱ्या कोणाला दिलेला नाही असं कळलं. तुम्ही बोललात तर मी पुढच्या बाकावर बसेन, नाही बोललात तर तुमच्या शेजारी. पण सकाळी उपाशी राहायचं नाही, पेज घ्या आणि गोळी घ्या.

तुमची
बाय