बाबांसाठी एक मीटिंग, आईसाठी दुसरी

इंदिरानगर, नाशिक

ती. आई-बाबांना
सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, "दारू सोडायची आहे गं, पण एकट्याने होत नाही. नाशकात कुणी आहे का?" आहेत. या विषयावर बोलायला लागलं की आईला रडू येतं आणि तुम्ही गप्प होता, म्हणून सगळं लिहूनच पाठवते. दोघांनी मिळून वाचा.

गटाचं नाव अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस. सगळे नुसतं 'एए' म्हणतात. १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात दारूने पार खचलेला एक शेअर बाजारातला माणूस आणि तसाच खचलेला एक सर्जन भेटले. एकमेकांशी बोलत राहिलं तर प्यावीशी वाटत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं, तिथून हे सुरू झालं. आपल्या देशात १९५७ पासून आहे.

मी ओपन मीटिंगला जाऊन बसले. ओपन म्हणजे घरच्यांनाही बसता येतं, क्लोज्ड मीटिंग फक्त ज्यांना स्वतःला दारू सोडायची आहे त्यांची. तिथे कोण कोण होतं ते तुम्हालाही सांगणार नाही, कारण तिथलं तिथेच ठेवायचं असतं. एवढंच सांगते की तुमच्या वयाची माणसं होती आणि हसत होती. आडनाव कुणी विचारत नाही, फी नाही. शेवटी एक पिशवी फिरते, त्यात वाटलं तर काही टाकायचं. अट एकच, दारू सोडायची इच्छा हवी. तुम्हाला सिन्नरमध्ये ओळखीचं कुणी बघेल याची धास्ती आहे, म्हणूनही नाशिक बरं. नाशिकरोडला उतरा, मी स्टँडवर असेन.

मला सगळ्यात भावलं ते हे की तिथे कुणी कुणाला उपदेश करत नाही. प्रत्येक जण फक्त स्वतःचं सांगतो. बाबा, तुम्हाला आजवर काकांनी सुनावलं, डॉक्टरांनी सुनावलं, गल्लीतल्या लोकांनीही सुनावलं. आमच्या डोक्यावर हात ठेवून शपथा झाल्या, माळ घालून झाली. 'जन्मभर' या शब्दाचं ओझं फार होतं हो. तिथे जन्मभराचं कुणी बोलतच नाही. फक्त आजचा दिवस, आणि आज पहिला घोट घ्यायचा नाही. मध्येच कुणाची स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायला, तरी तो परत येतो आणि त्याला खुर्ची देतात. निवृत्तिनाथांची पालखी दरवर्षी सिन्नरवरून जाते ना, त्यात पाय सुजलेला म्हातारासुद्धा दिंडीबरोबर पंढरपूर गाठतो, तसंच वाटलं मला. देवाचं म्हणाल तर ते 'आपल्याहून मोठी शक्ती' म्हणतात. तुम्ही विठ्ठल म्हणा, नाहीतर समोर बसलेली माणसं म्हणा, कुणाची हरकत नसते.

आता एक गोष्ट फार महत्त्वाची. उत्साहाच्या भरात उद्यापासून एकदम बंद करू नका. रोज पिणाऱ्याने अचानक सोडली तर हात कापतात, घाम सुटतो, झोप उडते. काहींना दोन-तीन दिवसांत फिट येते, भास होतात, जीवावरही बेतू शकतं. म्हणून आधी डॉक्टर. त्र्यंबक रोडच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे, तिथे केसपेपर काढू. गरज वाटली तर ते दाखल करून घेतील, औषधं देतील, बी-१ जीवनसत्त्वही देतील. मीटिंग म्हणजे औषध नव्हे, आणि नुसत्या औषधाने पुढची वर्षं निघत नाहीत. दोन्ही लागतं. मधे रात्री-अपरात्री फार अस्वस्थ वाटलं तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. व्यसनमुक्तीसाठी सरकारचा १४४४६ हा वेगळा नंबर आहे. दोन्ही कॅलेंडरवर लिहून ठेव, आई.

आणि आई, ती 'नकळत दारू सोडवा'वाली पावडर चहात घालायची नाही. मावशीने कितीही सांगितलं तरी नाही. त्यात काय असतं देव जाणे. दारू सोडवण्यासाठी देतात ती डायसल्फिरामसारखी गोळी असेल आणि वर बाबा प्यायले, तर रक्तदाब घसरून माणूस दगावू शकतो. ती गोळी डॉक्टरांनी द्यायची, आणि घेणाऱ्याला माहीत असायलाच हवी.

तुझ्यासाठीही गट आहे, त्याला अल-अॅनॉन म्हणतात. एए सुरू करणाऱ्या त्या शेअर बाजारवाल्याच्या बायकोने, लोइसने, १९५१ मध्ये दुसऱ्या एका बाईबरोबर सुरू केला. तिथे घरच्यांना सांगतात, तुझ्यामुळे त्यांचं पिणं लागलं नाही, तुझ्याने ते आवरणार नाही, तुझ्याने बरंही होणार नाही. हे वाचून तुला वाईट वाटेल, पण मला तर मोकळं वाटलं. तू बाटल्या शोधतेस, खिसे तपासतेस, पाहुण्यांना "बरं नाहीये त्यांना" म्हणून परत पाठवतेस. तीस वर्षं तुझी झोप पुरी झालेली नाही. बाबांनी सोडली तरी तुझी भीती आपोआप जाणार नाही, आणि नाही सोडली तरी तू जगायला हवीस. म्हणून बाबा आले नाहीत तरी तू ये. हे मी बाबांच्या देखत लिहिते आहे, कारण त्यांनाही तेच हवं असेल.

सोमवारी सकाळी सिव्हिलला जाऊ. बाबांची बीपीची चिठ्ठी, जुने रक्ताचे रिपोर्ट आणि आधार कार्ड घेऊन रविवारीच इकडे मुक्कामाला या. भाजी आणू नका, इथे आहे.

तुमची,
सुनंदा