स्टॉकहोमहून, रविवारी रात्री

प्रिय आई-बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर "फिरून आले, मजा आली" एवढंच बोलणं झालं, म्हणून आता सविस्तर लिहिते. आई, तुझे प्रश्न आधी. पोटभर जेवले, स्वेटर घातला होता आणि एकटी अजिबात नव्हते. ऑफिसची सगळी फौज बरोबर होती. या मंडळींना मी इतके महिने स्क्रीनवरच्या चौकोनांतच बघत होते. त्यातला एक जण साडेसहा फूट उंच निघाला, हे बसलेल्या माणसाकडे बघून कसं कळणार?

बाबा, तुमच्यासाठी खास म्हणजे वासा जहाज. स्वीडनचा राजा दुसरा गुस्ताव ॲडॉल्फ याने बांधून घेतलेलं, 64 तोफांचं. 10 ऑगस्ट 1628 ला पहिल्यांदा शिडं उभारून निघालं आणि जेमतेम 1300 मीटर जाऊन वाऱ्याच्या झोताने कलंडलं. तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी शिरलं आणि बंदरातच, काठावर निरोपाला जमलेल्या लोकांच्या डोळ्यांदेखत ते बुडालं. 1961 मध्ये ते वर काढलं. बाल्टिक समुद्राचं पाणी इथे फारसं खारट नाही, त्यामुळे लाकूड पोखरणारा समुद्री किडा टिकत नाही, म्हणून जहाज जवळजवळ अख्खं राहिलं. सुकताना तडकू नये म्हणून पुढे 17 वर्षं त्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉल नावाचं रसायन फवारत होते. आता ते संग्रहालयात आहे, तिथे मुद्दाम उजेड कमी आणि गारवा ठेवलाय. दारातून आत गेल्यावर ते काळपट धूड एकदम समोर येतं, आणि आमची बडबडी मंडळीसुद्धा गप्प झाली.

ते का बुडालं, हे ऐकल्यावर मात्र सगळे एकमेकांकडे बघायला लागले. वरचा भाग जड, तोफांचे दोन मजले, आणि तळाशी तोल सांभाळायला पुरेसं वजन नाही. निघण्याआधी चाचणी घेतली होती बरं का! 30 माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवलं. तिसऱ्या फेरीला जहाज इतकं डोलायला लागलं की ॲडमिरलने थांबवलं. जहाज नव्हे, चाचणी! राजा तिकडे लढाईवर, आणि जहाज लवकर पाठवा म्हणून त्याचा तगादा. आमच्याकडे टेस्टिंग बघणारी एक मुलगी आहे, मीटिंगमध्ये चकार शब्द काढत नाही. ती टीम लीडकडे वळून म्हणाली, "मी काही बोलले का?" तो बिचारा लालबुंद झाला. पुढे चौकशी झाली आणि शिक्षा कोणालाच झाली नाही, हे कळल्यावर त्याच्या जिवात जीव आला असावा.

पोलंडच्या सहकाऱ्याची मजा वेगळीच. जहाज पोलंडविरुद्धच्या लढाईसाठी होतं. नाळेपाशी बाकाखाली दबून बसलेला एक पोलिश सरदार कोरलाय, त्याला खिजवायला म्हणून. हा पठ्ठ्या त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "आम्हाला एक गोळासुद्धा झाडावा लागला नाही."

नंतर सिटी हॉल पाहिला. नोबेलची मेजवानी होते तो ब्लू हॉल लाल विटांचा आहे. निळा गिलावा करायचा ठरलं होतं, पण वास्तुविशारदाला विटाच आवडल्या. वरच्या गोल्डन हॉलच्या भिंतींवर 1 कोटी 80 लाखांहून जास्त मोझेकचे तुकडे आहेत. आमचा एक जण त्या भिंतींसमोर इतके फोटो काढत बसला की गाइडबाईंना त्याला हाकावं लागलं. रामन 1930 मध्ये नोबेल घ्यायला याच शहरात आले होते, हे मी बाकीच्यांना आवर्जून सांगितलं. बाबा, तुम्ही असतात तर अर्धा तास सांगितलं असतं.

जुन्या गावाबद्दल, म्हणजे गामला स्तानबद्दल, थोडक्यात. घरं सुंदर, गर्दी फार. तिथली मॉर्टन ट्रोटसिग गल्ली एका जागी अवघी 90 सेंटिमीटर रुंद आहे. आम्ही एकामागोमाग एक गेलो आणि पुढचा थांबला की सगळेच अडकत होतो.

आता हे सगळं लिहिण्याचं खरं कारण सांगते. दिवसभर बाकीचे फोटो काढत होते आणि मी आईचे गुडघे डोक्यात ठेवून फिरत होते. गामला स्तानमध्ये सगळीकडे दगडी फरसबंदी, तिथे आपण एका चौकात बसून राहायचं, ती गल्ली तर नकोच, तिला पायऱ्या आहेत. वासाला मात्र लिफ्ट आहे, बसायला बाकं आहेत. मेट्रोच्याच तिकिटावर बोट मिळते, त्यामुळे चालणं वाचतं. सेंट्रल स्टेशनच्या निळ्या लाइनवर खडकातच रंगवलेली वेलबुट्टी आहे, आई, ती तू बघायलाच हवीस. छतावर ते खोदणाऱ्या कामगारांच्याही आकृत्या काढल्यात.

पुढच्या जूनमध्ये या. "आम्हाला कशाला आता" हे वाक्य या वेळी चालणार नाही. बाबा, कपाटातून दोघांचे पासपोर्ट काढा आणि मुदत बघा. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने शिल्लक लागतात, नाहीतर व्हिसा मिळणार नाही. तारखा मला फोनवर सांगा, पुढचं मी बघते.

तुमची,
धाकटी