ऑफिसची जागा ठरवण्याआधी

प्रिय सुधीर,

तुझ्या संचालकांचा प्रश्न वाचला. तुम्ही बघताय त्या दोन जागांपैकी ‘ग्रीन’, म्हणजे हरित, म्हणवणाऱ्या इमारतीचं भाडं जास्त आहे, तर तो वरचा पैसा वीजबिलातून किती वर्षांत सुटेल? नुसत्या वीजबिलातून बहुधा सुटणार नाही, आणि तशी अट घालूही नये. हिशेब चुकीच्या खात्यावर मांडला जातोय.

जागांच्या धंद्यात ३-३०-३०० असा एक ढोबळ आडाखा आहे. चौरस फुटामागे वर्षाला वीज-पाण्यावर ३, भाड्यावर ३० आणि तिथे बसणाऱ्या माणसांच्या पगारावर ३००. चलन कुठलंही धर. आकडे जागेगणिक मागेपुढे होतात, पण प्रमाण लक्षात येतं. विजेत ३० टक्के बचत झाली तर हाती ०.९ येतात. माणसांचं काम एकाच टक्क्याने सुधारलं तर ३, म्हणजे अख्खं वीजबिल. उलट बाजूनेही हे तितकंच खरं आहे. ताजी हवा तोडून बिल कमी करणारा व्यवस्थापक १ वाचवतो आणि ३ घालवतो, फक्त ते ३ कुठल्या बिलावर छापून येत नाहीत.

म्हणून आधी हवेकडे बघ. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो, त्यामुळे गारवा असला म्हणजे हवा ताजी असते असं नाही. बैठं काम करणारा माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. ६० घनमीटरच्या मीटिंग रूममध्ये दहा जण दार लावून बसले आणि बाहेरची हवा आलीच नाही, तर त्याची पातळी तासाला ३,००० पीपीएमने (हवेच्या दहा लाख भागांत ३,००० भागांनी) चढते. बाहेरची ४२० धरली तरी अर्ध्या तासात १,९०० पार. मग दुपारच्या जांभयांचं खापर बिचाऱ्या जेवणावर फुटतं. माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा मिळाली तर तीच पातळी ९०० ते ९५० च्या आसपास स्थिरावते. या प्रमाणात हा वायू विषारी नसतो. खोलीत बाहेरची हवा किती कमी येतेय, ते तो दाखवतो. फर्निचर, रंग, गोंद यांतून सुटणारी रसायनंही त्याच कोंदट हवेत साठत जातात.

हार्वर्डच्या जोसेफ ॲलन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाचा दाखला तुला सगळीकडे दिसेल. २४ जणांना सहा दिवस एकाच ऑफिसात बसवून हवा तेवढी बदलली. नेहमीच्या ऑफिसातल्या हवेच्या तुलनेत हरित इमारतीच्या हवेत विचार-निर्णयाच्या चाचणीतले गुण सरासरी ६१ टक्क्यांनी वाढले, आणि ताजी हवा आणखी वाढवल्यावर १०१ टक्क्यांनी. संचालकांपुढे १०१ चा आकडा नाचवू नकोस. माणसं थोडी होती, आणि चाचणीतले गुण म्हणजे कंपनीचा नफा नव्हे. पण दिशा पक्की आहे, आणि आपल्याला तर एकच टक्का हवाय.

कागदावर सगळ्याच इमारती चोख असतात, बिघडतं ते नंतर. बाहेरच्या हवेचा डँपर, म्हणजे ती हवा आत घेणारी झडप, उन्हाळ्यात कुणीतरी ‘तात्पुरता’ बंद करतो आणि तो तसाच राहतो. मोकळ्या हॉलमध्ये मागाहून काचेच्या खोल्या उभ्या राहतात, डक्ट, म्हणजे हवा नेणारे मार्ग, मात्र जुन्या आखणीप्रमाणेच. आठ जणांच्या खोलीला दोघांपुरती हवा. मर्व-१३ दर्जाचे, म्हणजे बारीक कणही अडवणारे फिल्टर बसवले, पण पंख्याची ताकद तपासली नाही, तर वाढलेल्या अडथळ्यामुळे हवा उलट कमी येते. कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या सेन्सरचीही एक खोड आहे. आठवड्यातून कधीतरी खोली रिकामी होऊन पातळी बाहेरच्याइतकी उतरते असं गृहीत धरून बरेच सेन्सर त्या सर्वात कमी आकड्यालाच बाहेरची हवा मानतात आणि स्वतःला जुळवून घेतात. तीन पाळ्यांच्या ऑफिसात तसं कधी होतच नाही; सेन्सर कोंदट हवेलाच ताजी समजू लागतो आणि पडद्यावर सुंदर आकडे दिसतात. शिवाय तो बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर, दार-खिडकीपासून दूर हवा; परतीच्या डक्टमध्ये बसवला तर सगळ्या खोल्यांची सरासरी सांगतो आणि एकीची कोंडी त्यात लपते.

जास्त हवा म्हणजे जास्त वीज, असं म्हणतील. काही अंशी खरं. पण बाहेर जाणाऱ्या हवेतली ६० ते ७५ टक्के ऊर्जा, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या हवेच्या मध्ये बसवलेल्या फिरत्या चाकाने परत घेता येते, आणि रिकाम्या खोलीची हवा सेन्सर कमी करू शकतो. पंख्याला लागणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग ८० टक्क्यांवर आणलास की वीज निम्म्यावर येते. थर्मोस्टॅट दोन अंश वर ठेवून छताचे पंखे लावले तर अंगाला तेवढाच गारवा जाणवतो. मात्र सगळ्यांचं समाधान होणार नाही. तापमान अगदी आदर्श ठेवलं तरी पाचेक टक्के लोक कुरकुरतात, हे यासाठी वापरल्या जाणाऱ्या गणितातच गृहीत आहे. टेबलावर छोटा पंखा दिलास की त्यातले बरेच गप्प होतात.

उजेडाच्या बाबतीत पूर्ण काचेच्या भिंतीला भुलू नकोस. सकाळी डोळ्यांवर तिरीप आली की कुणीतरी पडदा ओढतो, तो पुन्हा कुणी उघडत नाही, आणि दिवसभर दिवे जळतात. काचही गेली, उजेडही गेला, एसीवरचा भार तेवढा राहिला. भिंतीच्या ३० ते ४० टक्के खिडकी बहुतेक ठिकाणी पुरते. उजेड खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दुप्पट अंतरापर्यंत आत उपयोगी पडतो. तीन मीटर उंचीवर कड असेल तर सहा मीटर आत. केबिनी त्या पट्ट्याच्या पलीकडे, खिडकीपासून दूर सरकव, साहेबांना राग आला तरी. टेबलं खिडकीला काटकोनात लाव, म्हणजे स्क्रीनवर चमक येत नाही. पश्चिमेचं ऊन तिरपं येतं. तिथे आडवा छज्जा कुचकामी, बाहेरून उभ्या पट्ट्या लागतात.

आवाजाबद्दल हरित इमारतींचे विक्रेते बोलत नाहीत. फॉल्स सिलिंग काढून टाकलेलं, गालिचा नाही, सगळीकडे काच आणि काँक्रीट. साहित्य वाचतं, पण हॉल घुमतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली केंद्राच्या सर्वेक्षणांत अशा इमारतींतले लोक हवेवर खूश असले तरी आवाजावर नव्हते. छताला ध्वनिशोषक फलक टांगून घे आणि फोनसाठी लहान बंद खोल्या ठेव, मात्र त्यांनाही स्वतंत्र हवा दे.

पाण्याचं थोडक्यात. कमी प्रवाहाचे नळ चांगलेच, पण जुन्या जाड पाइपांवर ते लावले तर पाणी पाइपात दिवसेंदिवस पडून राहतं आणि २५ ते ४५ अंशांत लिजिओनेलाचे, म्हणजे न्यूमोनियासारखा आजार करणारे जंतू वाढतात. कमी वापराचे नळ दर आठवड्याला काही मिनिटं सोडायला सांग.

हरित इमारतीच्या प्रमाणपत्रापेक्षा मला कमिशनिंगचा अहवाल मोलाचा वाटतो, म्हणजे प्रत्येक यंत्रणा चालवून, मोजून, ठरल्याप्रमाणे वागते का ते तपासणं. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या २००९ च्या अभ्यासात, वापरात असलेल्या इमारतींची अशी तपासणी केल्यावर ऊर्जेची मध्यक बचत १६ टक्के आणि खर्चाची वसुली साधारण १.१ वर्षात निघाली. नवं यंत्र न घेता! एसी आणि हीटर एकाच वेळी चालणं, रविवारच्या कार्यक्रमासाठी बदललेलं वेळापत्रक महिनोन् महिने तसंच राहणं, अशा गोष्टी त्यातच सापडतात.

भाडेकरारात एक गाठ सोडवून घे. इमारत सुधारण्याचा खर्च मालकाचा आणि बिल भाडेकरूचं, म्हणून कुणीच हात घालत नाही. बचतीतून मालकाला वाटा, तुमच्या मजल्याला वेगळा मीटर, ताज्या हवेचं किमान प्रमाण आणि फिल्टर बदलण्याची मुदत, हे चार मुद्दे कलमांत लिहून घे. तोंडी आश्वासनाला अर्थ नाही.

दोन्ही जागा बघायला जाशील ते दुपारी तीन-चारला, माणसं भरलेली असताना. कार्बन डायऑक्साइडचा छोटा मीटर सोबत ने आणि सगळ्यात गर्दीच्या मीटिंग रूममध्ये वीस मिनिटं ठेव. गच्चीवर किंवा प्लँट रूममध्ये, म्हणजे यंत्रांच्या खोलीत, जाऊन बाहेरच्या हवेचा डँपर उघडा आहे का ते स्वतः बघ. मागच्या बारा महिन्यांची बिलं माग. द्यायला कोण टाळाटाळ करतो तेही कळेल. मग दोन्ही मजल्यांचे नकाशे मला पाठव, खिडक्यांच्या दिशा आणि उंची लिहून, म्हणजे टेबलं कशी लावायची ते काढून देतो.

तुझा,
माधव